अठरा हजारांत

भिशी लागली तेव्हाच ठरवलं होतं,
ह्यांना मात्र सांगितलं नाही.
म्हणाले असते, आधी गिझर बघू.
गिझर गेली दोन वर्षं बघतोच आहोत.

शेजारचा ओजस म्हणाला, मावशी, रॅम आठ तरी घ्या,
चारचं मशीन रडतं.
पोळ्यांच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर लिहून घेतलं:
रॅम आठ. एसएसडी. बॅटरीचं विचारणे.
त्याच पानावर आधीचं होतं:
सेक्टर पाच, चाळीस पोळ्या, बाकी.

वाशीच्या मोठ्या दुकानात पोरगा म्हणाला,
मॅडम, बेचाळीसपासून पुढे.
पुढे कुठपर्यंत, ते मी विचारलं नाही.

मग घणसोली. खाली झेरॉक्सवाला, जिन्यात अंधार,
आणि वर फळ्यांवर उभे केलेले लॅपटॉप,
सगळे काळे, सगळ्यांची झाकणं मिटलेली.
ओवेस नावाचा मुलगा होता. म्हणाला,
कंपन्यांचा माल आहे. तीन वर्षं झाली की काढून टाकतात,
चांगला चालत असला तरी.
मी म्हटलं, माणसंही.
कॉन्ट्रॅक्ट बदललं की.
तो हसला नाही. वायर गुंडाळत होता.

कोण वापरणार? काम काय?

काम म्हणजे सोसायटीच्या पावत्या,
बी विंगवाले दर महिन्याला भांडतात की पैसे भरलेत.
काम म्हणजे वडोदऱ्याची नात,
मोबाइलवर ती टपालाच्या तिकिटाएवढी दिसते.
आणि कुस्त्या. जुन्या, मातीतल्या,
रात्री कानात वायर घालून;
कुणी चीत झालं की आमचा पलंग हलतो.
यातलं काहीच सांगितलं नाही.
म्हटलं, साधं, घरगुती.

अक्षर मोठं करून दाखव म्हटलं.
आणखी.
आणखी.
चष्म्याचा नंबर वाढलाय हे ह्यांना कबूल नाही,
तेवढंही मला अठरा हजारांत बसवायचं होतं.

एक बटण झिजून कोरं झालेलं.
कुणाचं बोट तिथे तीन वर्षं पडत होतं,
कुणास ठाऊक.
साडेएकोणीस म्हणाला. मी वही मिटली,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले.
अठरा. माउस फुकट. बॅग नाही.
कापडी पिशवीतून आणला, वर मेथीची जुडी ठेवून.

ह्यांनी आधी हात धुतले.
पंचाला पुसले, परत एकदा पुसले.
मग लॅपटॉप उघडला नाही,
उलटा केला.
हात लांब करून, डोळे बारीक करून
खालचा नंबर वाचला, एकेक आकडा, मोठ्याने,
ऐरोलीच्या फाटकावर अकरा वर्षं वाचायचे तसा.
आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा,
रजिस्टरात, निळ्या शाईने,
पोरांचे लॅपटॉप, त्यांच्या खाली चिकटवलेले नंबर.
कधी तरी म्हणाले होते,
आमच्यासमोर कुणी उघडतच नाही गं,
आत काय दिसतं देव जाणे.

एक स्टिकर अर्धवट खरवडलेलं होतं.
त्याच्यावर नख फिरवत म्हणाले,
हा आपल्याच गेटवरून गेलेला असणार. सहा नंबर टॉवर.
मी म्हटलं, असेल.
ओवेसने तर पुण्याचा म्हणून सांगितलं होता.

मग माझीच वही ओढली,
रॅम आठच्या खाली पट्टीने रकाने पाडले.
तारीख. वेळ, सायंकाळी सात दहा.
नंबर, पुन्हा पडताळून.
नाव: भोईटे सयाजी.
कुठून: घणसोली.
बाहेर जाण्याची वेळ,
इथे पेन जरा थांबलं,
आणि त्यांनी रेघ ओढली.

मी म्हटलं, आता उघडा तरी.

वही माझ्याकडे सरकवली.
सही करा, म्हणाले.